गाढवाच्या बरगडीवरचं ठिगळ

माझा आणि माझ्या बाबांचा धंदा तसा एकच. मी ब्यूटी पार्लर चालवते, ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. दोघंही रंगावर पोट भरणारे. फरक एवढाच, की त्यांच्या पाट्या गप्प टांगून राहायच्या आणि माझी गिऱ्हाइकं आरशात बघून हुज्जत घालतात. पाट्यांच्या आधी, माझा जन्मही व्हायच्या आधी, बाबा हवाई दलात रंगारी होते. लढाऊ विमानं रंगवायचे. हे ऐकलं की लोकांचे डोळे लगेच चमकतात. "अरे वा, लढाऊ विमानं!" त्या चमकलेल्या डोळ्यांचा मला मनापासून तिटकारा आहे, आणि तो का आहे तेच सांगायला बसले आहे.

बाबांना सगळे 'पेंटर' म्हणतात. आईसुद्धा, विशेषतः चिडल्यावर. अंगाने काटकुळे आणि बोलायला महाकंजूष. पण ब्रश हातात आला की अक्षर असं उतरायचं, की चपलांच्या दुकानाची पाटीसुद्धा लोक थांबून पुन्हा वाचायचे. खोड एकच. पिवळा रंग वापरायचे नाहीत. गिऱ्हाइकाने मागितला की म्हणायचे, "पिवळा संपलाय." गिऱ्हाईक म्हणायचं, मी आणून देतो. "मग रंगवूनही दुसऱ्याकडून घ्या." टॅक्सीवाल्यांनी तर आमच्या दुकानाकडे बघणंच सोडलं. शाळेच्या चित्रात माझा सूर्य कायम नारिंगी असायचा, आणि बाई विचारायच्या, "तुमच्या घरी नेहमी संध्याकाळच असते का गं?" आई म्हणायची, "कुणाच्या नवऱ्याला पत्त्यांचा नाद, कुणाच्या नवऱ्याला बाटलीचा. माझ्या माणसाला पिवळ्याचं वावडं. स्वस्तात सुटले म्हणायचं." त्यामुळे या वावड्याचं कारण आम्ही कुणी कधी विचारलंच नाही.

पुढे गुडघे गेले आणि शिडी सुटली. बाबा घरी बसले. घरी बसलेला पुरुष म्हणजे घरातल्या बाईला शिक्षा. बाबा आईच्या डब्यांवर नावं लिहायला लागले. साखरेच्या डब्यावर 'साखर', मिठाच्या डब्यावर 'मीठ', तेही अक्षरांना सावली देऊन. आईचं डोकं फिरायची वेळ आली होती, तेवढ्यात सेक्रेटरी आला.

सेक्रेटरी म्हणजे हवाई दलातून निवृत्त झालेल्यांच्या मंडळाचा सेक्रेटरी. या माणसाने नोकरीभर कोठारात ब्लँकेटं आणि बूट वाटले. विमानात कधी बसला नाही. पण बोलायला लागला की वाटावं, आत्ताच बॉम्ब टाकून उतरलाय आणि अजून हात धुवायचेत. मला तो पहिल्या भेटीतच डोक्यात गेला. चहा फुर्र करून ओढतो, बिस्किटाचा चिखल कपाच्या तळाशी ठेवून जातो, आणि समोरच्याच्या गुडघ्यावर थाप मारल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं होत नाही. बाबांच्या त्याच दुखऱ्या गुडघ्यावर थाप मारून त्याने टेबलावर एक खोका ठेवला.

"पेंटर, आपल्या तुकडीला अर्धशतक होतंय. मोठा समारंभ करतोय. हॉलच्या मधोमध काचेच्या पेटीत गाढव पाहिजे, आणि तेही तुमच्या हातचं!"

गाढव हे विमानाचं नाव. कागदोपत्री त्याला काहीतरी रुबाबदार नाव होतं, पण खाली राबणारी माणसं त्याला गाढवच म्हणायची. बाकीची जेट विमानं उंच आभाळात एकमेकांशी झुंजायची. हे झाडांच्या शेंड्यांवरून जायचं आणि जमिनीवरच्यांना मारायचं. पोटाखाली बॉम्ब, नाकात दोन तोफा. ओझं वाहायचं, लाथ घालायचं, आणि जिथे उभं केलं तिथे खाली तेलाचं थारोळं करून ठेवायचं. सीमेवरच्या लढाईत त्याने पूल पाडले, आगगाड्या फोडल्या, कोठारं जाळली. लढाई संपल्यावर त्याच्यावर नव्या पोरांना शिकवलं आणि मग भंगारात काढलं. त्याच्या ॲल्युमिनियमची भांडी झाली असतील. एक तेवढं गाढव तळाच्या फाटकाबाहेर खांबावर चढवून ठेवलंय. लोक खाली उभं राहून फोटो काढतात आणि वर कबुतरं त्याच्या पाठीवर शिटतात. मला विचाराल तर त्या विमानाविषयी बरोबर मत फक्त कबुतरांचं आहे.

खोक्यात खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याचं गाढव सुट्या तुकड्यांत पडलं होतं. करड्या प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले पंख, चाकं, अर्धं अर्धं पोट. बाबांनी जेवणाचं टेबल बळकावलं. त्यानंतर आमच्या घरात जेवायचं की थिनर प्यायचं, हेच कळेना. भाताला थिनरचा वास, उशीला थिनरचा वास, आईच्या पदराला थिनरचा वास. वर बाबांचीच दादागिरी. नखांचा रंग काढायची माझी बाटली टेबलाच्या आसपास आणायला बंदी. "त्यातला एक थेंब पडला तर प्लॅस्टिक लोण्यासारखं पाघळेल," म्हणाले. आई म्हणाली, "मग पडू दे की एकदाचा."

पण हात बघण्यासारखा होता, हे कबूल करायलाच हवं. तुकड्यावर तुकडा बसवून सांधे असे घासले, की बोटाला कळू नयेत. हिरवे आणि मातकट पट्टे मारले, उन्हात विटलेत असे दिसावेत म्हणून त्यात चिमूटभर पांढरा घातला. केसाएवढ्या ब्रशने 'इथे पाय ठेवू नये' लिहिलं, तेसुद्धा वाचता येईल असं. मग माझ्या पार्लरमधली आयशॅडोची मोडकी डबी मागून घेतली. करडी भुकटी तोफांच्या तोंडाशी चोळली, ती काजळी झाली. तपकिरी पोटाखाली ओढली, ते गळलेलं तेल झालं.

"बाबा, मंडळाला चकचकीत पाहिजे असेल हो."

"चकचकीत गाढव मी कधी बघितलं नाही."

आणि एका सकाळी मी निघताना बाबा म्हणाले, "येताना पिवळा रंग आण. सगळ्यात छोटी डबी."

आईच्या हातातली पळी तिथेच थांबली. संध्याकाळी मी डबी आणून दिली.

चालकाच्या बैठकीखाली, बरगडीवर म्हणावं तिथे, बाबांनी पिवळ्या बॉम्बची रांग काढली. एकेक बॉम्ब तांदळाच्या कणीएवढा. शेवटच्या बॉम्बआधी एक जागा मोकळी सोडली. ती नुसती मोकळी नव्हती. तिथे हिरव्या रंगाचा एक चौकोन होता, आजूबाजूच्या हिरव्यापेक्षा गडद आणि ताजा. चष्मा न लावताही दिसत होता. माझ्या धंद्यातली नजर लगेच तिथे अडकली.

"बाबा, हे काय? माझ्याकडच्या मुलीने चेहऱ्यावर असं ठिगळ मारलं असतं तर तिला मी दारातूनच परत पाठवलं असतं."

"ते तसंच होतं," बाबा म्हणाले. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा ते सलग बोलले.

त्यांच्या तळावर एक पद्धत होती. गाढव मारा करून परतलं की इंजिन गार व्हायच्या आत रंगाऱ्याने पळत जायचं आणि बरगडीवर एक पिवळा बॉम्ब काढायचा. इंजिन गार झालं आणि बॉम्ब राहिला, तर पुढच्या खेपेला ते विमान परत येत नाही, असा सगळ्यांचा ठाम समज. मोठमोठे अधिकारीही तो पाळायचे. वैमानिक शिडीवरून उतरायचा आणि त्याच शिडीने बाबा चढायचे, हातात जुन्या एक्स-रेच्या फिल्ममधून कापलेला साचा आणि पिवळी डबी. विमानाच्या नाकात कॅमेरा असायचा, पण त्याची फिल्म धुऊन निघायला संध्याकाळ व्हायची.

"म्हणजे बॉम्ब आधी रंगवायचा," बाबा म्हणाले, "आणि तो कुठे पडला ते नंतर कळायचं."

त्या दिवशी नदीच्या पात्रात तेवढं धुकं होतं. नदीवरचा पूल पाडायचा होता. गाढव परत आलं, बाबा पळाले, बॉम्ब काढला, वैमानिकाने पाठीवर थाप मारली. संध्याकाळी शेजारच्या खोलीतून फिल्म धुणारा बाहेर आला आणि भिंतीला धरून ओकला. बाबा आत गेले आणि त्यांनी फिल्म बघितली.

"काय होतं?" मी विचारलं.

"बाजार. काठावर भरलेला. टोपल्या, छत्र्या, हातगाड्या. माणसं वर बघत होती गं. हात असा डोळ्यांवर धरून. विमान बघायला." बाबांनी हात कपाळाशी नेऊन दाखवला आणि तो तिथेच राहिला. "पोरं हात हलवत होती. मग धूर."

आई ओट्याकडे तोंड करून उभी होती. तिने नळ सोडला आणि तसाच वाहू दिला.

"आणि माझा बॉम्ब वर वाळत होता," बाबा म्हणाले. "छान उठून दिसत होता."

वैमानिकही फिल्म बघून त्याच संध्याकाळी रंगाच्या खोलीत आला. पेंटर, तो पूस, म्हणाला. बाबा म्हणाले, सर, पुसला तर खालचा रंगही उतरेल. मग झाक, म्हणाला. बाबांनी हिरवा कालवून झाकला, पण ताजा रंग विटलेल्या रंगाशी कधी जुळत नाही. दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबाला ठिगळ दिसलं. कागदावर तो मारा यशस्वी होता, त्यामुळे बॉम्ब परत काढायचा हुकूम सुटला. वैमानिक म्हणाला, काढलात तर मी या विमानात पाय ठेवणार नाही. मग त्याला टेबलामागे बसवलं ते कायमचंच. गाढव दुसऱ्यांनी चालवलं. त्याच्या बरगडीवर आणखी एक बॉम्ब चढला आणि लढाई संपली. हुकूम तसाच राहून गेला, ठिगळाला परत कुणी हात लावला नाही.

खरं सांगते, मला शिसारी आली. त्या विमानाची आली, त्या इवल्या पिवळ्या कण्यांची आली आणि बाबांचीसुद्धा आली. पोरांच्या वहीत बाई शाबासकीची चांदणी काढतात तशी ही माणसं बॉम्ब काढत होती, आणि त्यात माझा बाप पळत जाऊन शिडी चढत होता. ज्या हाताने मला पेरू कापून दिले तोच हात. मी उठून गॅलरीत गेले आणि थिनर नसलेली हवा पोटभर घेतली. परत आले तेव्हा बाबा तसेच बसले होते.

"तो वैमानिक समारंभाला येणार आहे," ते म्हणाले. "त्यानंतर आम्ही कधी भेटलो नाही. मला भाषण नको, शाल नको, काही नको. त्याने पेटीत वाकून बघावं आणि त्याला ते ठिगळ दिसावं. त्याला वाटत असेल, सगळे विसरले. एवढं एक झालं की माझं झालं."

सेक्रेटरी विमान न्यायला आला आणि त्याचीही नजर तिथेच गेली. असल्या माणसांना डाग तेवढे बरोबर दिसतात.

"पेंटर, इथे रंग फसला की."

"फसला नाही. तसंच होतं. तिथे हात लावायचा नाही."

"अहो, पण लोक काय म्हणतील?"

"हात लावायचा नसेल तर न्या. नाहीतर ठेवा."

"बरं बाबा, बरं! शब्द दिला." आणि गुडघ्यावर थाप.

समारंभाच्या संध्याकाळी मी पार्लरमधून थेट हॉलवर गेले, सामानाची बॅग खांद्यावर तशीच. आईने बाबांना इस्त्रीचा कोट घालून आणलं होतं. हॉल झगमगत होता. ज्यांनी लढाई केली ते म्हातारे कडेच्या खुर्च्यांवर गप्प बसले होते, आणि ज्यांनी ब्लँकेटं वाटली ते माइकवर होते. दाराशीच एक भलामोठा केक. गाढवाच्या आकाराचा. पंखाला हिरवं क्रीम, नाकाला चॉकलेटच्या तोफा, आणि बाजूने पिवळ्या क्रीमचे बॉम्ब. ठसठशीत, एकेक लिंबाएवढा. एक बाई आपल्या नातवाला विचारत होती, "तुला बॉम्ब हवा की पंख?" पोराने बॉम्ब घेतला आणि चाटायला लागला. त्याच्या हनुवटीवरून पिवळं ओघळलं. मी बाबांचा दंड धरून त्यांना तिथून पुढे ओढलं.

काचेची पेटी मधोमध होती. आत दिव्याखाली गाढव गोल गोल फिरत होतं. आणि ते चकाकत होतं. तोफांची काजळी गेली होती, पोटाखालचं तेल गेलं होतं. बरगडी समोर आली तेव्हा बाबा थांबले. ठिगळ नव्हतं. बॉम्बची रांग सलग होती. जिथे मोकळी जागा होती तिथे नवा कोरा पिवळा बॉम्ब होता, बाकीच्यांपेक्षा थोडा मोठाच.

"काय पेंटर, कसं वाटतंय?" सेक्रेटरी मागून आला, हातात केकची बशी, मिशीला हिरवं क्रीम. "एक ओळखीचे डेंटिस्ट आहेत, हौस म्हणून मॉडेलं करतात. त्यांनी फुकटात फिनिशिंग करून दिलं. आणि बॉम्ब एक कमी होता बरं का! रेकॉर्डमध्ये जेवढे मारे, तेवढे बॉम्ब पाहिजेत. तो भरून काढला."

"तुम्ही शब्द दिला होता," मी म्हटलं.

"अहो ताई, चांगलं केलं तरी तुमचं तोंड वाकडंच!" म्हणाला आणि एक घास तोंडात टाकला.

माझ्या तोंडात शब्द तयार होते आणि ते छापण्यासारखे नव्हते. पण तेवढ्यात गलका झाला. वैमानिक आला होता. उंच, वाळलेला म्हातारा, काठी टेकत, सून सोबत. सेक्रेटरी केक टाकून धावला, त्याला थेट पेटीपाशी घेऊन आला, आणि त्याला नीट दिसावं म्हणून गाढवाचं फिरणं थांबवून काच उचलून बाजूला ठेवली. सगळे फोन वर झाले. म्हाताऱ्याने काठी सुनेकडे दिली, खिशातून चष्मा काढून लावला आणि वाकला. नाक बघितलं नाही, पंख बघितले नाहीत. सरळ बरगडी बघितली. बराच वेळ बघितली. मग मान वर करून गर्दीत शोधलं आणि बाबा सापडले.

"पेंटर," तो हळूच म्हणाला, "परत काढलास होय रे तू?"

बाबांचा चेहरा मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी "नाही सर" म्हटलं असावं. ओठ हलले, आवाज आला नाही. म्हाताऱ्याने समजल्यासारखी मान हलवली आणि काठीसाठी हात मागे केला. तो निघाला होता.

बाबा माझ्याकडे वळले. "तुझी ती बाटली आहे?"

"आहे. पण बाबा, प्लॅस्टिक—"

"दे."

मी बॅग उघडली. मी कापूस शोधेपर्यंत बाबांनी अंगठ्यावरच ओतलं आणि गाढवाच्या बरगडीवर घासलं. पिवळा बॉम्ब लगेच पसरला, शेजारचे दोन त्याच्यात मिसळले, हिरवा सुटला, मातकट सुटला. बाबा घासत राहिले. खालचं प्लॅस्टिक मऊ पडलं आणि त्यांचा अंगठा आत गेला. बाबांनी हात काढला तेव्हा बैठकीखाली खड्डा होता, कडा वितळलेल्या, तळाशी करडं प्लॅस्टिक.

"अरे, वेड लागलं काय! सगळा सत्यानाश केला!" सेक्रेटरी किंचाळला. "पाहुण्यांसमोर!"

फोन वरच होते. कुणीतरी हसलं. आई म्हणाली, "शाबास, पेंटर," आणि ती चिडलेली नव्हती.

म्हातारा परत वाकला. चष्मा सारखा केला आणि खड्ड्यात बघितलं. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

"हां," तो म्हणाला. "इथेच होतं."

मग तो बाबांकडे वळला आणि त्याने हात पुढे केला. बाबांनी आपला हात मागे घेतला, अंगठ्यापासून मनगटापर्यंत पिवळा चिकट राडा झाला होता. म्हाताऱ्याने तो ओढूनच घेतला आणि दोन्ही हातांत धरला. दोघं तसेच उभे राहिले. हात सुटले तेव्हा त्याचेही तळवे पिवळे झाले होते.

माझी सवयच ती. मी बॅगेतून कापूस काढला, बाटलीतलं उरलेलं त्यावर ओतलं आणि म्हटलं, "काका, इकडे करा हात. क्षणात निघेल."

म्हाताऱ्याने तळव्यांकडे बघितलं, मग बाबांकडे. बाबांनी नकारार्थी मान हलवली.

"नको बाळ," म्हातारा म्हणाला. "राहू दे."

मी बाटलीला झाकण लावलं. मागे केक घ्यायला माणसं रांगेत उभी होती, सेक्रेटरी अजून ओरडत होता, आणि सगळ्यांच्या स्वच्छ हातांत पांढरेशुभ्र रुमाल होते. त्या सबंध हॉलमध्ये मला बघवले ते या दोघांचे मळके हातच.